सुप्याचा दंगा आठवीच्या वर्गात: फोन, गॅझेटियर आणि पस्तीस मिनिटं

आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात दख्खनचे दंगे मोजक्या ओळींत आटोपतात. सावकारांचा जाच, शेतकऱ्यांचा उठाव, सरकारचा कायदा, संपलं. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं. मग शाळेत प्रोजेक्टर आला आणि तोच मजकूर मी स्लाइडवर टाकून भिंतीवर दाखवायला लागले. मुलं आता अंधारात विसरायला लागली.

तेव्हा कुठे लक्षात आलं की गोष्ट मोठी करून दाखवण्यात काही नाही. इंटरनेटने इतिहासाच्या शिक्षकाला खरोखर काय दिलं असेल, तर कागद. जे पुस्तक चाळायला पूर्वी पुण्यामुंबईच्या ग्रंथालयात ओळख काढून जावं लागायचं, ते आता रात्री जेवणं झाल्यावर फोनवर उघडतं. म्हणून या लेखात ॲपची यादी कमी आणि कागद वर्गात कसा आणायचा हे जास्त आहे. दख्खनच्या दंग्यांतला सुप्याचा दंगा हा एकच धडा धरून पायऱ्या सांगते. विषय बदलला तरी पायऱ्या त्याच राहतात.

माझ्याकडचं सामान आधी सांगून टाकते, म्हणजे ‘आमच्याकडे सोयी नाहीत’ हा मुद्दा निकालात निघेल. एक प्रोजेक्टर, त्याचा दिवा पिवळा पडलाय. एक जुना लॅपटॉप. माझा फोन आणि त्याचा हॉटस्पॉट, तोही खिडकीत ठेवला तर. मुलांना शाळेत फोन आणायला बंदी. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत जातात.

पहिली पायरी: प्रश्न, आणि तो एकच

लॅपटॉप उघडायच्या आधी वहीत एक प्रश्न लिहा. ‘दख्खनच्या दंग्यांची कारणे सांगा’ हा परीक्षेचा प्रश्न झाला. त्याचं उत्तर पुस्तकात असतं, त्यामुळे मुलं शोधत नाहीत, उतरवतात. माझा प्रश्न असा होता: चिडलेल्या लोकांनी कागद का जाळले?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले. सुपे हे बाजाराचं गाव, दुकानदार आणि सावकार तिथे बरेच. जमावाने सावकारांकडे वह्या आणि कर्जाची खतं मागितली आणि पेटवून दिली. धान्याची दुकानंही लुटली गेली, काही घरांना आग लागली, पण सगळा रोख होता तो खतांवर. तेरा वर्षांच्या मुलाला हे विचित्र वाटतं. राग आला तर माणसाला मारतील, पैसे नेतील, कागद कशाला जाळतील? हे विचित्र वाटणंच आपल्याला हवं असतं.

असा प्रश्न सुचत नसेल तर तो धडा साधा खडू-फळ्यावर शिकवा. प्रत्येक धड्याला इंटरनेट जोडायची काही गरज नाही.

दुसरी पायरी: कागद शोधणं

ब्रिटिश काळातल्या महाराष्ट्रासाठी शाळेच्या कामाचं सगळ्यात मोठं घबाड म्हणजे मुंबई इलाख्याचं गॅझेटियर. जेम्स कॅम्पबेल याच्या संपादनाखाली निघालेले हे जिल्हावार माहितीचे सरकारी खंड. रत्नागिरीचा १८८० चा, नाशिकचा १८८३ चा, अहमदनगरचा १८८४ चा, साताऱ्याचा १८८५ चा. पुण्याचाही १८८५ चाच, आणि तो एकटा तीन भागांत. हे खंड इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेले मोफत मिळतात. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागानेही आपले खंड ऑनलाइन ठेवले आहेत. स्वातंत्र्यानंतरचे नवे खंडही चाळण्यासारखे असतात.

शोधताना तीन ठिकाणी अडायला होतं.

पहिली अडचण स्पेलिंगची. इंग्रजांनी आपल्या गावांची नावं स्वतःच्या कानाला ऐकू आली तशी लिहिली. पुण्याचं ‘पूना’ सगळ्यांना माहीत असतं, पण लहान गावांचे हाल विचारू नका. ‘व’ कधी व्हीने, कधी डब्ल्यूने. शेवटचा ‘ए’ कधी आहे, कधी नाही. आपलं सुपे तिथे ‘सुपा’ आहे. शिवाय या खंडांत स्वरांवर बारीक चिन्हं दिलेली आहेत, ती स्कॅन वाचणाऱ्या यंत्राला कळत नाहीत आणि अक्षराच्या जागी भलतंच काही उमटतं. म्हणून पूर्ण नाव टाकून शोधू नका, मधली दोन-तीन व्यंजनं येतील असा तुकडा टाका. तरी सापडलं नाही तर शोधपेटी सोडून सरळ शेवटाकडे जा. तिथे प्रेक्षणीय स्थळांचं प्रकरण असतं, गावं इंग्रजी अकारविल्हे लावलेली असतात. नावाला प्रेक्षणीय स्थळं, प्रत्यक्षात बाजाराचा वार, लोकसंख्या, देवळं, शाळा, पोस्ट असं सगळं. आपल्या तालुक्याचं गाव तिथे सापडलं की वर्ग पुढचे दोन तास आपल्या मुठीत.

दुसरी अडचण तालुक्याची. हद्दी तेव्हा वेगळ्या होत्या. आज बारामती तालुक्यात असलेलं सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. मुलांना ‘भीमथडी’ म्हटलं की जत्रा आठवते. तिथून ‘थडी’ म्हणजे काठ आणि भीमथडीची तट्टं, असं थोडं भरकटायला मी वेळ ठेवते.

तिसरी अडचण प्रकरणांची. दंग्याची हकीकत इतिहासाच्या प्रकरणात शोधाल तर फसाल. ती आहे सावकारी आणि कर्जबाजारीपणावरच्या प्रकरणात. त्याचं नाव ‘कॅपिटल’, म्हणजे भांडवल. अनुक्रमणिकेचं पान मी भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं तेव्हा त्याने मला ‘राजधानी’ करून दिलं. ॲपवर विसंबून मी ते प्रकरण ओलांडून पुढे गेले आणि एक संध्याकाळ फुकट गेली.

सापडलेलं पान नुसतं स्क्रीनशॉट काढून ठेवू नका. खंडाचं नाव, प्रकाशनाचं वर्ष आणि पान क्रमांक त्याच वेळी खाली टाइप करा. नंतर करू म्हटलं की ते राहतं, आणि महिन्याभराने ‘हे कुठून आणलंत’ असं एखाद्या पालकाने विचारलं की आपण गप्प.

तिसरी पायरी: पान वर्गाच्या आकाराचं करणं

पूर्ण पान मुलांसमोर टाकू नये. बारीक टाइप, जुनी इंग्रजी, मुलं पहिल्या ओळीलाच हात टेकतात. मी सहा ते आठ ओळींचा तुकडा निवडते. मूळ इंग्रजी तुकडा वर, खाली माझं मराठी भाषांतर. पहिला मसुदा ॲपकडून घ्यायला हरकत नाही, पण शब्द स्वतः तपासायचे. ‘बाँड’चं कर्जरोखा किंवा खत करायचं, बंधन नव्हे. ‘रयत’ हा आपलाच शब्द इंग्रजीतून फिरून परत येताना ‘दंगल’ होऊन येतो, कारण यंत्राला रायत आणि रायट यांत फरक करायचा कंटाळा.

मग चार मुलांत एक अशा झेरॉक्स. हो, कागदावरच. प्रोजेक्टरवर मी फक्त जुनं मूळ पान दाखवते, डाग आणि शिक्क्यांसकट. त्यातून मुलांना ही वस्तू खरी असल्याचं कळतं. वाचायचं काम हातातल्या कागदावर होतं, कारण तिथे पेन्सिलने खुणा करता येतात. वीज गेली तरी तास चालू राहतो, हा वरचा फायदा.

चौथी पायरी: प्रत्यक्ष तास

तास मी एका तारखेपासून सुरू करते. फळ्यावर लिहायचं: १२ मे १८७५. कोणता वार?

इथे एक गंमत आहे. वार काढायला मी आधी एक्सेल उघडलं होतं. एक्सेलला १९०० च्या आधीचा इतिहासच मान्य नाही. तारखेच्या सूत्रात १८७५ टाकलं तर ते त्यात १९०० मिळवून ३७७५ सालात नेऊन ठेवतं. म्हणून वर्षाची दिनदर्शिका दाखवणारं एखादं संकेतस्थळ घ्या आणि त्यात १८७५ टाका. बुधवार येतो.

पुढचा प्रश्न मुलांचाच निघतो, किंवा आपण थोडं ढकलायचं: सुप्याचा आठवडे बाजार कोणत्या वारी? मग गॅझेटियरमधली सुप्याची नोंद त्यांच्यापुढे ठेवायची. उत्तर मी इथे देत नाही. तुम्ही स्वतः पान उघडून बघा, कारण शोधण्याचा तो झटका शिक्षकाला बसल्याशिवाय मुलांपर्यंत पोचत नाही.

त्यानंतर तुकड्याचं वाचन, दहा मिनिटं. तीन कामं: कुणाची बाजू मांडली आहे त्या शब्दांखाली रेघ, जे शब्द कळले नाहीत त्यांना गोल, आणि ज्याचं म्हणणं इथे ऐकूच येत नाही त्याचं नाव समासात. तिसऱ्या कामात वर्ग खुलतो. सरकार बोलतंय, सावकाराचं नुकसान मोजलंय, शेतकऱ्याबद्दल लिहिलंय, पण शेतकरी स्वतः कुठे बोलतो? एका मुलाने समासात ‘सावकाराची बायको’ असं लिहिलं होतं. मला ते सुचलं नव्हतं.

कागद का जाळले याचं उत्तर इथून हळूहळू उलगडतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, इकडच्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव पडला, कर्ज मात्र राहिलं. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. आणि नवीन न्यायालयात खतावर जे लिहिलंय तेच खरं. खत वाचता न येणाऱ्याने त्यावर अंगठा दिलेला. म्हणजे त्याची जमीन आता जमिनीत नव्हती, त्या कागदात होती. हे शेवटचं वाक्य मी सांगत नाही. कुणीतरी म्हणेपर्यंत थांबते. दोन वर्षांत एकदा कुणी म्हणतं.

पाचवी पायरी: दुसरा आवाज

एकच कागद आणला तर आपण पुस्तकाच्या जागी दुसरं पुस्तक ठेवलं, एवढंच. सरकारी गॅझेटियरच्या शेजारी त्याच काळातला, त्याच प्रदेशातला, पण सरकारी नसलेला आवाज हवा. इथे तो हाताशी आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या सुमारास लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’. फुल्यांचं लेखन स्वामित्वहक्काच्या पलीकडे गेलेलं आहे आणि इंटरनेटवर मोफत वाचता येतं. कर्जबाजारी कुणब्याच्या घराचं वर्णन असलेला एक परिच्छेद निवडा. एकाच दशकातले हे दोन कागद शेजारी ठेवले की ‘इतिहासाची साधने’ हा रुक्ष शब्द मुलांना वेगळा समजवावा लागत नाही. दहावीला इतिहासलेखनाचे धडे येतात, त्यांचा पाया इथे पडतो.

तिसरा कागद हवा असेल तर दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आहे. तो १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. शिक्षकाने वाचावा. आठवीला तो जड जातो.

नकाशा: हात जपून

नकाशाची साधनं आकर्षक असतात, म्हणूनच त्यात वेळ वाया जातो. दंग्यांसाठी गूगल माय मॅप्स पुरतं. एका तक्त्यात गाव, तारीख, काय घडलं असे तीन रकाने भरायचे आणि तो तक्ता आयात करायचा, टाचण्या आपोआप लागतात. गावाच्या नावाला जिल्हा आणि राज्य जोडायला विसरू नका, नाहीतर तुमचं सुपे नगर-पुणे रस्त्यावरच्या सुप्यावर जाऊन बसेल. माझं बसलं होतं.

गूगल अर्थचा खरा उपयोग गडकिल्ल्यांच्या धड्यांत होतो. पन्हाळा ते विशाळगड घ्या. जुलै १६६०, सिद्दी जौहरचा वेढा, रात्रीचा पाऊस. संगणकावरच्या गूगल अर्थ प्रोमध्ये, जे मोफत आहे, दोन गडांमध्ये वाट आखा. सरळ रेषेत अंतर साधारण ४० किलोमीटर भरतं. मग त्या रेघेवर उजवी टिचकी देऊन चढउताराचा आलेख काढा. तो करवतीसारखा आलेख पडद्यावर आला की पोरं एकदम शांत होतात, कारण चाळीस किलोमीटर म्हणजे एसटीचा एक तास हे गणित तिथे मोडतं. मग त्यांना पायवाट शोधायला लावा: पाण्याला कुठे ओलांडलं असेल, गावं टाळायची तर कुठून?

एक सावधगिरी. उपग्रहाची चित्रं बहुतेक कोरड्या दिवसांतली असतात, कारण पावसाळ्यात ढग. पडद्यावरचा तपकिरी, स्वच्छ डोंगर म्हणजे त्या रात्रीचा डोंगर नव्हे. हे मुलांना मोठ्याने सांगा. आणि वर्गात नेट दगा देणारच, म्हणून घरी स्क्रीन रेकॉर्ड करून ती चित्रफीत पेनड्राइव्हवर न्या.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. बारा किल्ले, त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत. हे बारा ठिपके नकाशावर लावून ‘जिंजी इतकी लांब कशी?’ एवढंच विचारा. राजाराम महाराजांचा सगळा काळ त्या एका ठिपक्यातून निघतो.

आजीचा आवाज: नववीसाठी १९७२

माझ्या मते सगळ्यात मोलाचं डिजिटल साधन म्हणजे फोनमधला रेकॉर्डर. साध्यातल्या साध्या फोनमध्येही तो असतो.

नववीला स्वातंत्र्यानंतरचा भारत आहे. आमच्या भागात त्या काळातली सगळ्यात मोठी घटना कुठली असं विचारलं, तर दिल्लीतलं काहीही नाही, १९७२ चा दुष्काळ. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज पासष्टीच्या आसपास आहेत, मुलांच्या घरातच आहेत. ही खिडकी पुढच्या काही वर्षांत बंद होईल.

प्रश्न घरी नेण्याआधी वर्गात घोटून घ्या. ‘दुष्काळात तुम्हाला त्रास झाला का?’ असं विचारलं की आजी म्हणते, ‘लई झाला,’ आणि संपलं. त्याऐवजी ‘कामावर जाताना फडक्यात काय बांधून न्यायचात?’ विचारलं की मिलो येतो, परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. तिच्या भाकरीचा रंग, ती कशी थापली जायची नाही हेही येतं. मग दुष्काळात वाटली जायची ती कोरडी, पौष्टिक सुकडी येते. कुणाची खडी फोडण्याची पाळी, कुणाचा पाझर तलावावरचा मुकादम, पगाराच्या दिवशीची रांग. वस्तू विचारा, वास विचारा, अंतर विचारा. भावना आपसूक मागून येतात.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत अनुभवातून आलेल्या काही गोष्टी. फोन विमान मोडवर, नाहीतर ऐन रंगात कुणाचा तरी कॉल येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. पंखा आणि टीव्ही बंद. फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवायचा, म्हणजे टेबलाची ठकठक येत नाही. अगदी सुरुवातीला मुलाने तारीख, गाव, समोरच्या व्यक्तीचं नाव बोलायचं आणि विचारायचं: ‘आजी, हे शाळेत ऐकवू का?’ तिचा होकारही रेकॉर्ड होतो. नंतर तिने नको म्हटलं तर तेवढा भाग पुसायचा, वाद घालायचा नाही. फाइलचं नाव साल, महिना, दिवस, गाव, आडनाव या क्रमाने. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ऑडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाव शाबूत राहतं.

लेखी रूप करायला गूगल डॉक्समधलं मराठी बोलून टाइप करणं उपयोगी आहे, पण ते शहरी प्रमाण बोलीला सरावलेलं. आजीचा स्वर त्याला झेपत नाही. म्हणून मुलाने इअरफोनवर आजी ऐकायची आणि स्वतःच्या तोंडाने तेच शब्द, तिच्याच बोलीत, फोनला सांगायचे. चुका राहतात, हाताने काढायच्या. आजी ‘व्हतं’ म्हणाली तर ‘होतं’ करायचं नाही. यावर शाळेत माझे आणि मराठीच्या सरांचे खटके उडालेत. मी मागे हटलेले नाही.

एक गोष्ट कटाक्षाने पाळते. या फिती गावच्या ग्रुपवर जात नाहीत. कुणाला कामावर घेतलं, कुणाला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, कुणाची जमीन त्या वर्षी कुणाकडे गेली, हे सगळं आजी नावानिशी सांगते आणि ती नावं आजही शेजारी राहतात. वर्गात ऐकवण्याआधी संपूर्ण फीत मी एकटी ऐकते.

दोन-तीन वर्षांच्या फिती जमल्या की त्यांची तुलना हाच एक धडा होतो. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, पण आज्या १९७२ च्या कामालाच ‘रोजगार हमी’ म्हणतात. आठवण चुकली का? चुकली नाही, नंतरचा शब्द आधीच्या अनुभवावर बसला. आठवण कशी चालते हे यापेक्षा सोपं करून मला सांगता येत नाही.

फसलेला फोटो

आता माझी फजिती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर बोलताना मी पडद्यावर एक छायाचित्र लावलं. हाडांचे सापळे झालेली माणसं ओळीने बसलेली. इंटरनेटवर शोधलं तर पहिल्या पाचांत येणारं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी घरून गूगल लेन्स लावून आली. ‘बाई, हा बंगालचा नाही. मद्रासचा आहे. १८७६-७८.’ विलोबी वॉलेस हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने काढलेली ती मालिका. ती सर्रास बंगालच्या नावाखाली फिरते आणि मी ती वर्गात फिरवली. वर हा दुष्काळ दख्खनवरही आलेला, सुप्याच्या दंग्याच्या पुढच्याच वर्षी. म्हणजे तो फोटो माझ्या आठवीच्या धड्याच्या जवळचा होता आणि मी तो भलत्याच धड्याला चिकटवला होता.

तेव्हापासून कुठलाही फोटो वर्गात नेण्याआधी तो फोटोच टाकून त्याचा मूळ स्रोत शोधते, गूगल लेन्सवर किंवा टिनआयवर. सगळ्यात जुनी प्रत कुठे आहे, ती एखाद्या संग्रहालयाच्या किंवा ग्रंथालयाच्या पानावर आहे का, हे बघायचं. त्याआधी अगदी साधी चाळणी लावायची. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ मध्ये. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. व्हॉट्सॲपवर ‘नाना फडणविसांचा दुर्मिळ फोटो’ आला की पुढे काही तपासायलाच नको.

शिवाजी महाराजांच्या चित्रांसाठी ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम यांची संकेतस्थळं उघडा. तिथे सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतली, गोवळकोंडा शैलीतली चित्रं आहेत. राइक्सम्युझियमची तर मोठ्या आकारात मोफत उतरवता येतात. ती लघुचित्रं आणि कॅलेंडरवरचे महाराज शेजारी ठेवून, ‘दुसऱ्यात काय वाढवलंय, कुणी आणि कधी?’ असं विचारा. वर्गात थोडी चुळबुळ होईल, होऊ द्या. आवाज चढवायचा नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गप्पा मारणाऱ्या ॲपविषयी माझा नियम एका ओळीचा आहे: त्याने सांगितलेलं काहीही मूळ पान हातात आल्याशिवाय वर्गात जात नाही. ते आत्मविश्वासाने पत्रं रचतं, तारखांसकट. पण एक खेळ छान होतो. त्याला आपल्याच गावाचा इतिहास विचारायचा, उत्तर छापून आणायचं आणि मुलांना लाल पेन द्यायचं. गावच्या देवळाबद्दल दहावीच्या मुलांना ॲपपेक्षा जास्त माहिती असते, आणि ते त्यांना पहिल्यांदाच कळतं.

बाकीचं थोडक्यात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, वर्गात ओझं कमी होतं. पुस्तकातल्या क्यूआर कोडमधून दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपवरच्या चित्रफिती उघडतात, काही बऱ्या, काही झोप आणणाऱ्या, आधी स्वतः बघा. कालरेषेसाठी टाइमलाइन जेएस हे साधन चांगलं, गूगल शीटमध्ये मराठीत भरलं तरी चालतं. पण वर्गाच्या भिंतीवर सुतळी बांधून चिमट्यांनी लावलेली कालरेषा वर्षभर दिसते, तिला वीज लागत नाही. प्रश्नमंजुषेची ॲप मुलांना आवडतात. मला त्यांत इतिहास फारसा दिसत नाही.

घरातून आलेला कागद

सुप्याचा धडा झाल्यानंतर पंधरा दिवसांनी एक मुलगी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद घेऊन आली. आजोबांच्या ट्रंकेतला. वर शिक्का, खाली मोडी. असं तुमच्याकडेही होईल, तेव्हा तयारी ठेवा.

पहिलं, चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, कागद कायमचा मरतो. घडी जबरदस्तीने उलगडायची नाही. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा उजेडात, फ्लॅशशिवाय, वरून सरळ फोटो काढा. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. मागची बाजूही घ्या, नोंदी बऱ्याचदा तिथेच असतात. मूळ कागद त्याच दिवशी घरी परत पाठवा. शाळेच्या कपाटात ठेवून घेण्याचा मोह होतो, तो आवरा.

मोडी आता युनिकोडमध्ये आहे, टंकही मोफत आहेत. त्यांच्या मदतीने मुलांना बाराखडी गिरवून घेता येते, स्वतःचं नाव लिहायला तर ती हौसेने शिकतात. पण हातची घसरती मोडी वाचायला जाणकारच लागतो. आमच्या तालुक्यात एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांना फोटो पाठवले. त्यांनी साल वाचून दिलं: शके १८०३. शकात ७८ मिळवायचे, पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९. मुलांनी फळ्यावर बेरीज केली, १८८१. कागद कर्जाचा होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने अशा खतांची नोंदणी सक्तीची केली होती, तो शिक्का त्याच काळातला.

मुलगी बराच वेळ फळ्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘बाई, पण दंगा तर पंच्याहत्तरला झाला. वह्या जाळल्या. कायदा पण आला. मग आमच्या पणज्याने एक्क्याऐंशीला परत कर्ज का काढलं?’

सोमवारचा तास या प्रश्नावर आहे. त्यासाठी मला अजून कागद सापडायचाय. पुण्याच्या खंडाचं तेच ‘राजधानी’चं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलंय.